हजेरीतली अक्का

पाचवीच्या वर्गात मी पहिल्यांदा ‘हजर’ म्हटलं, तेव्हा जिचं नाव पुकारलं गेलं होतं ती मुलगी जाऊन पाच आठवडे झाले होते. ती माझी थोरली बहीण. मी तिला कधी नावानं हाक मारली नाही, आमच्यात मारत नाहीत. मी तिला अक्का म्हणायचे. तिचं नाव सुलोचना, माझं कमल. शाळेच्या रजिस्टरात मात्र ‘सुलोचना नरसय्या’ एवढंच होतं, आणि त्या नावाला ओ द्यायला मी उभी होते. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, माझ्या मुलांनाही नाही. आता गुडघे बोलायला लागलेत, म्हटलं आपणही बोलून घ्यावं.

आमचं घर म्हणजे सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका बोळातल्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत माग. खड्ड्यात पाय सोडून नायना, म्हणजे माझे वडील, लुगडी विणायचे. धोटा इकडून तिकडं, तिकडून इकडं, आणि प्रत्येक फेरीला एक खटका. त्या खटक्यावर आम्ही झोपायचो, उठायचो, भांडायचो. बोळात सगळ्याच घरांतून माग, त्यामुळं गिरणीचा भोंगा झाला की दुपारच्या जेवणापुरती सगळी घरं एकदम गप्प व्हायची आणि मग आपल्याला कळायचं की इतका वेळ आपण ओरडून बोलत होतो. मागच्या खोलीत चूल आणि अम्मा. मांडीवर सूप, सुपात तेंदूची कापलेली पानं आणि तंबाखू, आणि तिची बोटं. ती विड्या वळताना हाताकडं कधी बघायची नाही. घरभर तंबाखूचा आणि सुताला लावायच्या खळीचा वास. घरात आम्ही तेलुगू बोलायचो, उंबऱ्याबाहेर मराठी. अम्माचं मराठी बाजारापुरतं होतं. दुष्काळाचं वर्ष नुकतं सरलं होतं, रेशनवर परदेशातून आलेला लाल मिलो मिळायचा, त्या ज्वारीची भाकरी ओढली तर तुटायची नाही. चिंचेच्या कच्च्या सारात, ज्याला आम्ही पच्चिपुलुसु म्हणतो, ती बुडवून ठेवायची आणि मऊ पडेस्तोवर वाट बघायची. आजही माझ्या स्वयंपाकात चिंच जास्त पडते, आणि घरातले कुरकुरतात.

अक्का चौथी पास झाली ती आमच्या बोळातली पहिली मुलगी. नायनांना त्याचं इतकं कौतुक, की एप्रिलात एका सकाळी ते माग सोडून, धुतलेला सदरा घालून तिला आणि तिचा दाखला घेऊन मुलींच्या मोठ्या शाळेत गेले आणि पाचवीला नाव घालून आले. निळा स्कर्ट, पांढरं पोलकं शिवून झालं. दोन रिबिनी आणल्या. आणि वैशाखात तिला मुदतीचा ताप भरला. आठव्या दिवशी ती गेली. माग तीन दिवस बंद होता. आमच्या घरात इतकी शांतता मी त्याआधी ऐकली नव्हती, माझे कान दुखायचे. चौथ्या दिवशी नायना खड्ड्यात उतरले आणि खटका सुरू झाला तेव्हा अम्मा पहिल्यांदा मोठ्यानं रडली.

माझी शाळा तिसरीतच सुटली होती. धाकटा भाऊ झाला, त्याला खेळवायला कुणीतरी हवं होतं, आणि विडीला दोरा बांधायला माझी बोटं बारीक होती. पण अक्का अभ्यास ओरडून करायची, मागाच्या आवाजात दुसरा इलाजच नव्हता, त्यामुळं तिचं चौथीचं पुस्तक मला तिच्याइतकंच पाठ होतं. मला शाळा हवी होती. तहान लागल्यावर पाणी हवं असतं तशी हवी होती. अक्काच्या तापाच्या तिसऱ्या दिवशी, ती गुंगीत असताना, मी खुंटीवरच्या त्या नव्या निळ्या स्कर्टला हात लावून बघितला होता. कापड कडक होतं. तो स्पर्श मला अजून आठवतो, आणि अजून लाज वाटते.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी जेवताना नायना म्हणाले की उद्यापासून कमल जाईल. दाखला दिलेला आहे, जागा धरलेली आहे, दोघी बहिणींचा तोंडावळा एक. कारकुनानं मुलीकडं बघितलंही नव्हतं, कागदाकडं बघितलं होतं. हे सगळं त्यांनी ताटाकडं बघत सांगितलं, आणि शेवटी म्हणाले, “नाव काय, अंगातला सदराच की. थोरलीचा धाकटीला झाला.”

अम्मानं हातातला घास खाली ठेवला. तिची समजूत अशी, की गेलेल्या माणसाला नाव घेऊन हाक मारायची नाही. हाक ऐकली की ते वळून बघतं, आणि वळून बघणाऱ्याची पुढची वाट सुटते. म्हणून त्या पाच आठवड्यांत तिनं अक्काचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. आणि आता रोज सकाळी कुणी परकी बाई भर वर्गात तिला हाक मारणार, आणि रोज कुणीतरी ओ देणार. अम्मा एवढंच म्हणाली, “मग पोर जाणार कशी?” मला आधी वाटलं, माझ्याबद्दलच बोलतेय.

पण ती अडून बसली नाही. एक तरी मुलगी सुपावरून उठावी असं तिलाही वाटत होतं. तिनं एकच अट घातली. शाळेतलं नाव शाळेत. उंबऱ्याच्या आत मी कमल, आणि ते दुसरं नाव या घरात कुणी घ्यायचं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं स्कर्टाला खालून चार बोटं दुमड घातली, माझ्या वेण्या इतक्या घट्ट बांधल्या की डोळे ओढले गेले, आणि दारात उभं राहून मी कोपऱ्यावर वळेस्तोवर बघत राहिली.

आमच्या वर्गाला गोसावीबाई होत्या. उंच, सडसडीत, पांढऱ्या पातळाला बारीक काळा काठ, आणि आवाज असा की त्यांना कधी तो चढवावा लागायचा नाही. त्यांच्या वर्गात प्रत्येक गोष्टीची वेळ आणि जागा ठरलेली. प्रार्थना झाली की नखं दाखवायची, मग हजेरी, मग पाढे. जी जागा पहिल्या दिवशी मिळाली तीच वर्षभर. हजेरीला नाव पुकारलं की उभं राहायचं, बाईंकडं बघून स्पष्ट ‘हजर’ म्हणायचं आणि बसायचं. त्या नाव फक्त दोनदा घेत. तिसऱ्यांदा नाही. चिठ्ठीशिवाय तीन दिवस गैरहजर राहिलेल्या मुलीच्या नावावर लाल शाईची रेघ पडे, आणि मग पालकांना घेऊन यावं लागे. मला त्या लाल रेघेची जितकी भीती वाटायची तितकी मारुतीच्या देवळामागच्या भुताच्या चिंचेचीही वाटायची नाही.

माझ्या बाकावर शेजारी विजया बसायची. तिच्या वडिलांचं आमच्या बोळाच्या तोंडाशी किराणा दुकान होतं, घरात कानडी बोलायचे. ती चौथीला अक्काच्याच वर्गात होती. पहिल्या दिवशी मी त्या नावाला उभी राहिले तेव्हा मी डोळ्याच्या कोपऱ्यातून तिच्याकडं बघितलं, कारण खरं काय ते या वर्गात तिला एकटीला माहीत होतं. ती फक्त सरकली. बाकावर आमच्या दोघींच्या मध्ये तिनं एक वीतभर जागा सोडली आणि ती रोज तेवढीच सोडायची. कधी दप्तर ठेवलं नाही तिथं, कधी हात टेकला नाही. आठ-दहा दिवसांनी मधल्या सुट्टीत नळावर मी तिला विचारलं, की मध्ये जागा कशाला. तिनं ओंजळीतलं पाणी पिऊन घेतलं, तोंड पुसलं आणि म्हणाली, “तू हजर म्हणतीस नव्हं, तवा दोन आवाज येत्यात.”

मी तिला वेडी म्हटलं. पण दुसऱ्या दिवसापासून मी ‘हजर’ म्हटलं की कान देऊन ऐकू लागले. वर्ग उंच छताचा, भिंती दगडी, कुणीही बोललं तरी आवाज थोडा घुमायचाच. आज मला ते सांगता येतं. तेव्हा सांगता येत नव्हतं. मला ऐकू यायचं. माझा शब्द संपायचा, आणि एक श्वास जाईल इतक्या अंतरानं आणखी एकदा, माझ्या डाव्या हाताला, जिथं ती वीतभर जागा होती तिथून. मी वळून बघायची नाही. त्याच दिवसांत माझं अक्षर बदललं. माझा ‘ल’ सरळ असायचा, तो डावीकडं कलायला लागला, जसा अक्काचा कलायचा. तिच्याच जुन्या वहीतल्या उरलेल्या पानांवर मी लिहीत होते, तिचा ‘ल’ रोज डोळ्यांसमोर होता, हेही खरं आहे. दोन्ही खरं आहे असं मी आता म्हणते. तेव्हा मी वही मिटून बसून राहायची.

एक दिवस भावाला जुलाब झाले आणि अम्मानं मला घरी ठेवून घेतलं. चिठ्ठी लिहिणारं घरात कोणी नव्हतं. नायनांना अक्षर लावून लावून वाचता यायचं, सही करता यायची, पण चिठ्ठी लिहायची म्हणजे त्यांना घाम फुटायचा. दुसऱ्या दिवशी मी बाईंच्या टेबलाशी गेले आणि म्हणाले, काल आले नाही, चिठ्ठी आणली नाही. बाईंनी रजिस्टर उघडलं, बोट फिरवलं आणि माझ्याकडं चष्म्यावरून बघितलं. “काल तर तू हजर होतीस.” मी उभीच राहिले. बाईंच्या रजिस्टरात चूक झालेली कुणी पाहिली नव्हती. त्यांनी मला हातानंच जागेवर जायला सांगितलं. विजयानं माझ्याकडं बघितलं नाही, पुस्तकात तोंड घालून एवढंच पुटपुटली की काल बी आवाज आला. तिनंच माझ्या वतीनं ‘हजर’ म्हटलं असेल, मैत्रीण म्हणून, लाल रेघ पडू नये म्हणून. मोठेपणी एका लग्नात भेटली तेव्हा मी तिला विचारलं. तिनं हातातलं आईस्क्रीम खाली ठेवलं आणि देवाची शपथ घेऊन नाही म्हणाली. तेव्हापासून मी तो विषय काढलेला नाही.

मग पालकसभा आली. गोसावीबाईंची पालकसभा म्हणजे भाषण ऐकून चहा पिऊन जायचं काम नव्हतं. त्यांची स्वतःची पद्धत होती. शनिवारी सकाळच्या शाळेत आई किंवा वडील, जे कुणी येईल, त्यांनी आपल्या मुलीच्या जागेवर बसायचं आणि बाई दीड तास त्यांचा वर्ग घ्यायच्या. प्रार्थना, नखं, हजेरी, पाढे, सगळं. मुली बाहेर व्हरांड्यात, खिडक्यांशी. वर्गात काय चालतं ते सांगून कळत नाही, बसून कळतं, असं त्या म्हणायच्या. हजेरीला मुलीचं नाव पुकारलं की पालकानं उभं राहून ‘हजर’ म्हणायचं.

माझी पाचावर धारण बसली. अम्मा ते नाव ऐकून उभी राहील का, आणि राहिली तर काय बोलेल, हे मला सांगता येत नव्हतं. ती नाही म्हणाली, रडली, खरं बोलून गेली, तर रजिस्टरात खाडाखोड, मुख्याध्यापकांसमोर नायना, आणि सोमवारपासून माझ्या मांडीवर सूप. मी नायनांनाच यायचा आग्रह धरला. पण शनिवारी विणलेला माल नव्या पेठेत पोचवायचा असे, तो चुकवता येत नव्हता. अम्मा म्हणाली, मी जाते. तिनं ट्रंकेतलं जांभळं लुगडं काढलं, हातांना तंबाखूचा वास येऊ नये म्हणून राखेनं घासघासून हात धुतले, आणि वाटेत माझा हात धरला. कोपऱ्यावरच्या नळापाशी, जिथं रोज मी मनातल्या मनात एक नाव उतरवून दुसरं घालायची, तिथं ती क्षणभर थांबली. तिला कुणी सांगितलं होतं की काय, देव जाणे.

त्या दिवशी वारा सुटला होता. सोलापूरचा आषाढातला कोरडा वारा, ढग नुसते वरून पळत होते आणि धुळीनं वर्गात अंधारून आलं होतं. मी खिडकीचे गज धरून उभी. आत बाकांवर मोठी माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. कुणाचं हसू निघालं नाही. अम्मा माझ्या जागेवर, आणि शेजारी विजयाच्या जागेवर विजयाची आई. ती अक्का गेली तेव्हा आमच्या घरी येऊन अम्माच्या गळ्यात पडून रडून गेलेली बाई. बाई एकेक नाव घेऊ लागल्या. उभं राहणं, हजर, बसणं. नाव जवळ येत होतं तसा मला गजांचा गारवा तळहातात चढत गेल्यासारखा वाटला.

“सुलोचना नरसय्या.”

विजयाच्या आईची मान झटकन वळली. तिनं अम्माकडं बघितलं, मग खिडकीतून माझ्याकडं बघितलं, आणि तिला सगळं कळलं. मला वाटलं, संपलं. पण ती फक्त बाकाच्या कडेला सरकली आणि मध्ये एक वीतभर जागा सोडली. विजयानं तिला घरी काही सांगितलं होतं का, मला माहीत नाही. अम्मा बसलेलीच होती. बाईंनी वर न बघता दुसऱ्यांदा नाव घेतलं. मग अम्मा उठली. पदर सारखा केला. तिनं ‘हजर’ म्हटलं नाही. तिच्या तोडक्या मराठीत ती म्हणाली, “पोरगी हाय, बाई. ती भाईर उबी हाय.”

बाईंनी खिडकीकडं बघितलं, मान हलवली आणि रजिस्टरात खूण केली. अम्मा खोटं बोलली नव्हती. मी गजाला कपाळ टेकलं.

पुढं बाईंनी नियम सांगितले. वह्यांना वर्तमानपत्राचं कव्हर, तेल लावून दोन वेण्या, घरचा अभ्यास दिवा लागायच्या आत, इंग्रजीची नवी वही. आणि शेवटी एक नियम, जो मी दुसऱ्या कुठल्या शाळेत पाहिला नाही. प्रगतिपुस्तकावर अंगठा चालणार नाही. ज्यांना सही येत नाही त्यांनी मुलीचं नाव लिहायला शिकायचं आणि सहीच्या जागी तेच लिहायचं. “जिच्यासाठी इथवर आलात तिचं नाव तुमच्या हातातून उतरलं पाहिजे,” असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी लिहिता न येणाऱ्या आयांना एकेक करून फळ्यापाशी बोलावलं. मुलीनं आत यायचं, आईचा हात हातात धरायचा आणि खडूनं नाव गिरवून घ्यायचं.

आमची पाळी आली. मी अम्माच्या पाठीशी उभी राहिले, तिच्या मुठीवर मूठ ठेवली. तिची बोटं राखेनं कोरडी पडली होती आणि तरी तंबाखूचा वास येतच होता. मी हात उचलणार तेवढ्यात तिनं मान किंचित वळवली आणि माझ्या कानाशी तेलुगूत म्हणाली, “नी पेरु रायि.” तुझं नाव लिही. आजूबाजूला तेलुगू कळणाऱ्या कितीतरी बाया होत्या. त्यात ऐकण्यासारखं कुणालाच काही वाटलं नाही. मला मात्र ती काय मागतेय ते पुरतं कळलं. त्या वर्गात रोज थोरलीला हाक जात होती, ती अम्माला थांबवता येत नव्हती. निदान तिच्या स्वतःच्या हातून थोरलीचं नाव उतरायला नको होतं. शाळेत एका जागी तरी जिवंत मुलीचं नाव लिहिलं जावं, आणि थोरली सुटावी.

मागं चाळीस पालक, बाजूला बाई, आणि बाईंच्या बगलेत रजिस्टर. फळ्यावर ‘कमल’ उतरलं असतं तर बाईंनी विचारलं असतं, ही कोण. मी दहा वर्षांचीही नव्हते. मी अम्माचा हात उचलला आणि लिहिलं. सु. लो. च. ना. प्रत्येक अक्षराला तिचा हात जड होता, जसा धान्याचं माप उचलताना होतो. चौथ्या अक्षराला तो हलका झाला आणि आपणहून चालला. कलता ‘ल’ त्या फळ्यावर स्पष्ट दिसत होता. अम्मानं खडू खाली ठेवला नाही. ती त्या अक्षरांकडं बघत राहिली आणि तिनं विचारलं, “इदि नीदेना?” हे तुझंच ना? मी म्हणाले, “अवुनु, अम्मा.” हो. मग तिनं माझ्या मदतीशिवाय, खालच्या ओळीत, तेच पुन्हा लिहिलं. पहिल्याच खेपेला. जिनं जन्मात खडू धरला नव्हता तिनं काना मात्रा न चुकता लिहिलं. बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्या वर्गाला सांगितलं, बघा. अम्मा हसली. अक्का गेल्यानंतर मी तिला पहिल्यांदा हसताना बघितलं, आणि मला रडायला येऊ लागलं.

घरी येताच तिनं चुलीतला कोळसा घेतला आणि मागच्या भिंतीवर, सुपावर बसलं की समोर दिसेल अशा जागी, ते चार अक्षरी नाव लिहिलं. एकदा, मग त्याखाली पुन्हा, मग पुन्हा. ओठांत ती म्हणत होती, कमल, कमल. मी भावाला कडेवर घेऊन दारात उभी. मी बोलू शकत होते. बाई नव्हत्या, रजिस्टर नव्हतं, घरचीच माणसं. पण ती इतकी खुशीत होती, आणि मला सोमवारी शाळेत जायचं होतं. या दोनातलं कुठलं कारण खरं, ते मी स्वतःला अनेकदा विचारलं आहे. भीती खरी होती. माया नंतर जोडली असावी.

नायना पेठेतून आले. भोंगा झाला होता, बोळातले माग थांबलेले. त्यांनी टोपी काढली, घाम पुसला, आणि भिंत बघितली. मी सांगितलं ना, त्यांना अक्षर लावून वाचता यायचं. त्यांचे ओठ हलले. अम्मा कोळशाचे हात घेऊन पुढं आली आणि म्हणाली, बघा, कमलचं नाव लिहायला शिकले मी, सगळ्यांसमोर लिहिलं. नायनांनी माझ्याकडं बघितलं. मी नजर खाली घातली. मग ते म्हणाले, “हां. कमल.” आणि हात धुवायला गेले.

त्यानंतर तिनं आयुष्यभर तेच लिहिलं. माझ्या सगळ्या प्रगतिपुस्तकांवर, रेशनकार्डाच्या अर्जावर, पुढं मी टेलिफोन ऑफिसात लागले तेव्हा तिला आणलेल्या ट्रंकेच्या झाकणावर. भाऊ वाचायला शिकला तेव्हा मी त्याला आधीच दम भरून ठेवला होता. माझी जन्मतारीख अक्काची, त्यामुळं मी दीड वर्ष आधीच निवृत्त झाले. माझा नवरा मला सुलू म्हणायचा. अम्मा मात्र शेवटपर्यंत कमल म्हणाली. ती अंथरुणाला खिळली तेव्हा दोन-तीनदा मी तोंड उघडलं, आणि तिला पाणी हवं का असं विचारून मिटलं. ती गेली, आणि मला त्या नावानं हाक मारणारं कुणी उरलं नाही.

पण मला सांगायची आहे ती त्या शनिवारचीच दुपार. नायना हात धुऊन आले. अम्मानं त्या दिवशी भात केला होता, सणावाराला करायची तसा, आणि पच्चिपुलुसु. ती अजून हसतच होती. तिनं जर्मनच्या थाळ्या जमिनीवर मांडल्या, नायनांची, तिची, माझी, भावाची छोटी, आणि माझ्या डाव्या हाताला आणखी एक. त्यात तिनं भात वाढला, सार ओतलं, शेंगदाण्याची चटणी ठेवली, आणि खाली बसून जेवायला लागली. तिच्या ते लक्षातही नव्हतं. नायनांचा घास हातातच राहिला. त्यांनी थाळीकडं बघितलं, भिंतीकडं बघितलं, आणि मग मान खाली घालून जेवू लागले. भातावरून वाफ निघत होती आणि ती थाळी तशीच ठेवून उठता येणार नव्हतं, अम्मा विचारणार होती की कुणी टाकलं. मी माझं संपवलं. मग ती दुसरी थाळी ओढून घेतली आणि शितही न ठेवता खाल्ली.